व्याह्यांचं छप्पर

माणसानं वाटेल त्याच्या घरावर छप्पर घालावं, पण व्याह्यांच्या घरावर घालू नये. साधं गिऱ्हाईक शिव्या देतं, आपणही दोन देतो, फार तर एकमेकांचं तोंड बघत नाही, संपला विषय. व्याही शिव्या देत नाहीत. ते म्हणतात, "छप्पर फारच सुंदर झालंय हो," आणि मग जरा थांबतात. त्या थांबण्यात माणूस अर्धा होतो.

कोरडेशेठना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. आता कोरडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पत्र्याची छपरं घालून देण्याचा त्यांचा धंदा, आणि दुकानाच्या पाटीवर त्यांनी स्वतः रचलेलं वाक्य होतं : 'आमच्या छपराखाली डोळेसुद्धा ओले होत नाहीत.' ते वाचून एकदा एक बाई दुकानात शिरल्या आणि डोळ्यांत घालायचं औषध मागू लागल्या, ती गोष्ट वेगळी. पण त्या पाटीवरून लोक त्यांना कोरडेशेठ म्हणू लागले आणि शेठनीही ते नाव पदवीसारखं मिरवलं. फोन उचलला की स्वतःच सांगत, "कोरडे बोलतोय."

तर या कोरडेशेठच्या मुलीचं लग्न झालं, आणि तिच्या सासरच्या घरावरचं जुनं छप्पर उतरवून त्यांनी मोठ्या हौसेनं नवं घातलं. स्वयंपाकघर आणि बैठक मिळून एकच ऐसपैस खोली, वर निळा पत्रा, आणि मध्ये कसलाही आडपडदा नाही. "खाली छत कशाला लावायचं?" ते व्याह्यांना म्हणाले होते. "पत्रा दिसू दे. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही." पावसाळा आला, धो धो कोसळला आणि गेला, पण आत टिपूस आला नाही. कोरडेशेठ पावसाळाभर मिशीला पीळ देत हिंडले. त्यांना मिशी नव्हती, तरीही.

आणि मग ऐन थंडीत, आकाशात औषधालाही ढग नसताना, मुलीचा फोन आला.

"बाबा, तसं काही नाही," मुलगी म्हणाली.

सासरी गेलेल्या मुलीनं "तसं काही नाही" अशी सुरुवात केली की बापानं समजावं, तसंच काहीतरी आहे. शेठ खुर्चीत ताठ झाले.

"परवा तुम्ही आणि आई येऊन गेलात ना, त्यानंतर टेबलावर जरा... वरून..."

"वरून काय?"

"सासूबाई म्हणतात, दव असेल."

"घरात दव? जेवायच्या टेबलावर?"

"म्हणून तर म्हटलं, तसं काही नाही."

शेठच्या बायकोनं हे सगळं कान लावून ऐकलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या छपराचं काय ते तुम्ही बघा. पण माझ्या लेकीला तिथे कुणी 'गळक्या छपरवाल्याची मुलगी' म्हटलेलं मला चालायचं नाही. उद्याच्या उद्या जा."

दुसऱ्या दिवशी शेठ गेले. आता व्याह्यांची ओळख करून द्यायला हवी. ते निवृत्त शाळातपासनीस. सगळा जन्म शाळांच्या शेरेवह्यांत शेरे मारण्यात गेलेला, त्यामुळे घरातही ते शेऱ्यातच बोलत. मुलगा भाजी घेऊन आला की "निवड समाधानकारक". आणि विहीणबाई म्हणजे पाहुणचाराचा कारखाना. दारात पाहुणा दिसला की त्यांच्या अंगात यायचं. त्यातून हा पाहुणा साधा नव्हे, सुनेचा बाप! उद्या कुणी म्हणायला नको, की विहिणीनं काही केलं नाही.

"अगंबाई, व्याहीबुवा! या या. बाहेर किती गारठा आहे!" असं म्हणत त्यांनी आधी दार लावलं, मग सगळ्या खिडक्या लावल्या, मग चारही शेगड्या पेटवल्या. एकीवर चहाचं आधण, दुसरीवर दूध, तिसरीवर मोठ्या पातेल्यात भाजी रटरटत, आणि चौथीवर शेठना पाय शेकायला पाणी. शेठ "नको, नको" म्हणत राहिले आणि त्यांचे पाय घमेल्यात गेले.

व्याह्यांच्या घरी 'गळतं' हा शब्द कुणीही उच्चारत नव्हतं. सरळ तसं म्हणणं म्हणजे शेठच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं.

"छपराबद्दल एक किरकोळ निरीक्षण होतं," व्याही म्हणाले. "एकंदर काम उत्तम. मात्र क्वचित, अगदी क्वचित, वरच्या बाजूनं थोडी आर्द्रता..."

"दमटपणा," विहीणबाई म्हणाल्या. "दमटपणासुद्धा नाही म्हणता येणार. आपला ओलसर भास."

तेवढ्यात शेठच्या बशीत भास पडला. टप्प.

चौघांनीही तो पाहिला आणि चौघांनीही दुसरीकडे बघितलं. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. विहीणबाई म्हणाल्या, "साखर कमी नाही ना झाली?" शेठ म्हणाले, "छे छे, अगदी बेताची," आणि आपल्याच छपराचा थेंब पडलेला चहा निमूटपणे पिऊन टाकला. कडूच लागला, पण सांगणार कुणाला?

घरी येईपर्यंत त्यांनी निदान केलं होतं. खिळ्यांची भोकं! दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन ते छपरावर चढले आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर डांबराचा गोळा बसवला. निळा पत्रा गोवर आल्यासारखा दिसू लागला. खाली उतरल्यावर विहीणबाईंनी दोघांनाही सोडलं नाही. थंडीत वर राबलेली माणसं! चहा झाला, गरम जेवण झालं, पुन्हा चहा झाला. तिसऱ्या कपाच्या वेळी मिस्त्रीनं मान मागे टाकली, वर बघितलं आणि कपाळ पुसलं.

"घाम आला का रे?" शेठनी विचारलं.

"मला नाही, शेठ," मिस्त्री म्हणाला. "वरून आला."

इथपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. पण शेजारपाजार म्हणून एक संस्था असते, आणि तिला दुसऱ्याच्या घरातली ओल भिंतीपलीकडून कळते. उजवीकडच्या काकांनी सांगितलं, की पत्रा उलटा बसलाय. निळी बाजू आत हवी होती. डावीकडच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या मामेसासऱ्यांच्या घरी असंच व्हायचं आणि शेवटी ते घरच विकलं, तेव्हा थांबलं. समोरच्या घरात एक गृहस्थ होते, ज्यांना सगळे 'हवामान खातं' म्हणत, कारण ते रोज सकाळी गच्चीवर बोट ओलं करून वर धरत. त्यांनी बोट धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "वारा. रात्रीचा ओला वारा आत शिरतो. कुठून शिरतो ते शोधा."

उंटावरून शेळ्या हाकणारे लोक शेठनी जन्मभर पाहिले होते, आणि एरवी त्यांनी या बोटाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण बुडत्याला काडीचा आधार. वारा शिरायला जागा एकच होती. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडून बोटभर उंचीचे झरोके होते. शेठनी स्वतःच ते ठेवले होते. सगळे छपरवाले ठेवतात. का ठेवतात, हा प्रश्न त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर कुठेतरी मागे पडलं होतं. मिस्त्री म्हणाला, "शेठ, झरोके बुजवायचे?" शेठ म्हणाले, "वारा बंद, तर ओल बंद. साधा हिशेब आहे." दिवसभरात एकूण एक झरोका सिमेंटनं लिंपून टाकला. बाटलीला बूच बसावं तसं घर बंद झालं. शेठ खूष झाले. विहीणबाईंनी त्या खुशीप्रीत्यर्थ दुप्पट माणसांचा स्वयंपाक केला.

आणि मग जे ठिबकायला लागलं! आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं, फक्त फुफाटा ओला होता. टेबलावर, सोफ्यावर, व्याह्यांच्या चष्म्यावर. मुलगी पातेली मांडत फिरायला लागली आणि शेठ तिच्याकडे बघायचं टाळू लागले. "प्रगती आहे," व्याही चष्मा पुसत म्हणाले, "मात्र चुकीच्या दिशेनं." व्याह्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी कॉलर धरण्यासारखं होतं. शेठची झोप उडाली. पाणी येतंय, पण येतंय कुठून? पाऊस नाही, टाकी नाही, वरून नळ गेलेला नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की छपरावर भरपूर पाणी ओतून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

भरपूर पाणी कुणाकडे असतं? शेठ पाणीपुरवठा कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता सांगितलं, "छपरगळतीच्या तक्रारी पावसाळ्यात घेतो."

"पण गळतंय आत्ता."

"मग ते छपरगळतीत बसत नाही."

तिथून ते अग्निशामक केंद्रात गेले. तिथले प्रमुख मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी शेठना बसवलं आणि विचारलं, "आग कुठे आहे?"

"आग नाही. पाणी पाहिजे."

"पाणी आगीसाठीच असतं."

"आग लागली नाही तर?"

"मग पाणी राहतं." प्रमुखांनी डोकं खाजवलं. "हं, सराव म्हणून करता येईल. पण मग घरमालकाचं लिहून द्यावं लागेल, की घर जळतंय."

"जळतंय कुठे?"

"सरावापुरतं."

व्याह्यांनी लिहून दिलं. त्यांच्या वळणदार अक्षरात, 'सदर घर सरावापुरतं जळत आहे असं समजण्यास आमची हरकत नाही.' त्यांना मजकूर आवडला असावा, कारण त्यांनी एक प्रत स्वतःसाठी ठेवली.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे बंब बरोबर दारात उभा होता, आगीचाच पत्ता नव्हता. सगळी गल्ली रस्त्यावर उतरली. हवामान खातं गच्चीवरून बोट धरून सूचना देत होतं. जवानांनी नळ्या लावल्या आणि पत्र्यावर पाण्याचा असा मारा केला, की पावसाळ्यालाही लाज वाटावी. घरात एकटे शेठ, मध्ये खुर्ची टाकून, मान वर करून बसलेले. विहीणबाईंसकट सगळे बाहेर. बराच वेळ पाणी कोसळत राहिलं, पत्रा दणाणत राहिला. आत एक थेंब नाही!

शेठ बाहेर आले ते हात पसरूनच. "या, बघा! कुणीही या, कुठेही बोट लावा!" गल्लीनं टाळ्या वाजवल्या. डावीकडच्या काकूंनी मामेसासऱ्यांचं नाव काढलं नाही. जवान भिजलेले, कुडकुडत होते. ते बघून विहीणबाईंच्या अंगात आलं. "सगळे आत चला! कुणीही चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!"

सगळी गल्ली आत शिरली. ओले जवान, कोरडे शेजारी, सोफ्याच्या हातांवरसुद्धा माणसं. गारठा आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद. चारही शेगड्यांवर पातेली चढली. कप फिरले, शेठच्या पाठीवर थापा पडल्या, आणि प्रमुख उभे राहून म्हणाले, "इतकं पक्कं छप्पर मी माझ्या नोकरीत पाहिलं—"

टप्प. त्यांच्या टोपीवर.

मग कपात. मग काकूंच्या अंबाड्यावर. मग सगळीकडे. प्रमुखांनी आयुष्यभर लोकांच्या घरावर पाणी टाकलं होतं. घरानं उलट टाकल्याचा हा त्यांचा पहिलाच अनुभव. माणसं कप घेऊन भिंतीकडे सरकली, पण तिकडे तर धार लागली होती. उजवीकडचे काका पुटपुटले, "मी म्हटलं होतं. उलटा बसलाय."

त्या संध्याकाळी व्याह्यांनी शेठना जरा बाजूला घेतलं. "आमच्या परिचयाचे एक स्लॅबवाले आहेत," ते अत्यंत हळुवारपणे म्हणाले. "उद्या संध्याकाळी येतील. नुसतं बघून जातील."

नुसतं बघून जातील! शेठना याचा अर्थ लख्ख कळला. स्लॅबवाला नुसतं बघायला कधी येत नाही. उद्या तो बघणार, परवा पत्रा उतरणार, आणि मग गावात कुणीही विचारणार, "ज्याला पोटच्या पोरीच्या घरावर धड छप्पर घालता आलं नाही, त्याच्याकडे आम्ही का जावं?" दुकानाला कुलूप लागेल ते लागेल, पण पत्रा उतरताना पोरीला अंगणात उभं राहून बघावं लागेल. बायकोनं रात्री एकच वाक्य म्हटलं, "उद्या काहीतरी करा." शेठना काय करायचं ते मुळीच सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या दारानं गेले. चोरासारखे, चपला हातात घेऊन. "मी आलोय हे कुणालाही सांगू नकोस," ते मुलीला म्हणाले. "कुणी मध्ये न बोलता मला एकदा पत्रा नीट बघू दे." मुलीनं भिंतीला शिडी लावली. फडताळाच्या वर एक छोटा माळा होता, तिथून पत्रा हाताला लागायचा. शेठ माळ्यावर पोचले, जुन्या गाद्यांवर पोटावर आडवे झाले आणि पत्र्यावर तळवा फिरवला. कोरडा ठणठणीत! इकडे फिरवला, तिकडे फिरवला. काल नद्या वाहत होत्या आणि आज धूळ उडत होती.

एवढ्यात आतून पावलं वाजली. मुलीनं घाबरून शिडी उचलली ती थेट मागच्या अंगणात नेऊन ठेवली. झालं! आपलेच दात, आपलेच ओठ. शेठ गाद्यांमध्ये दबून राहिले.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. "आज दुपारी कुणी यायचं नाही ना?" त्यांनी व्याह्यांना विचारलं.

"संध्याकाळी स्लॅबवाले. दुपार मोकळी."

"सुटले बाई! मग सकाळचंच थंड खाऊ. शेगडी पेटवायची ताकद नाही माझ्यात."

"मंजूर," व्याही म्हणाले.

दोघं थंड जेवले. खिडकी उघडी. चहाचं कुणी नावही काढलं नाही. शेठना आश्चर्य वाटलं. या घरात चहा न करता माणसं जगतात हे त्यांनी प्रथमच पाहिलं. व्याही आत जाऊन पडले. शेठही पडूनच होते, पण गादीतला कापूस त्यांच्या नाकात गेला आणि त्यांनी अशी शिंक दिली, की विहीणबाईंच्या हातातला चमचा खाली पडला.

"कोण आहे वर?"

"मी," माळ्यावरून आवाज आला. "कोरडे बोलतोय."

सुनेचा बाप भरदुपारी फडताळावर सापडला, तर कुठल्याही बाईनं आधी काय केलं असतं? विहीणबाईंनी खिडकी लावली. "अगंबाई, व्याहीबुवा! असे वर का बसलात? गारठला असाल! थांबा, आधी चहा टाकते." आणि चारही शेगड्या पेटल्या.

मुलगी शिडी आणायला धावली. शेठचं नाक पत्र्यापासून वीतभर लांब होतं, आणि दुसरं काही करता येत नसल्यामुळे ते पत्र्याकडे बघत राहिले. खाली आधण उकळू लागलं. वाफ वर आली, शेठच्या कानाशी गरम लागली आणि थंड पत्र्याला जाऊन भिडली. पत्रा पांढुरका झाला. मग त्यावर मोहरीएवढे ठिपके आले. ठिपके एकमेकांना मिळाले, फुगले, जडावले, आणि त्यांतला एक शेठच्या नाकाच्या शेंड्यावर पडला. टप्प.

शेठना एका क्षणात सगळं समजलं. पहिल्या दिवसाचा चहा, मिस्त्रीचा तिसरा कप, काल कोंडलेली सगळी गल्ली. पाणी वरून खाली येतच नव्हतं. खालून वर जात होतं.

"विहीणबाई," ते ओरडले, "शेगड्या बंद करा! चहा नको!"

आता 'नको' या शब्दाचं असं आहे, की व्याह्यांकडे तो म्हणावाच लागतो आणि त्याचा अर्थ 'थोडा चालेल' असाच धरतात. विहीणबाईंनी आधणात एक कप पाणी वाढवलं.

"अहो, खरंच नको!"

म्हणजे पोटभर चालेल. त्यांनी आलं किसायला घेतलं.

"बाई," शेठ माळ्यावर गुडघ्यांवर उठत म्हणाले, आणि त्यांचं डोकं पत्र्यावर आपटलं, "तुमच्या चहानं माझं छप्पर गळतंय!"

त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता, आणि तोही छपरवाल्याच्याच तोंडून. शिडी घेऊन दारात आलेल्या मुलीनं डोळे मिटून घेतले. विहीणबाईंनी एकेक करून चारही शेगड्या बंद केल्या. शेठ खाली उतरले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना आता उमगत होतं. त्यांनी वाफेचं सगळं सांगितलं, हातवारे करून, पत्र्याकडे बोट दाखवत.

"म्हणजे माझा पाहुणचार गळतोय," विहीणबाई म्हणाल्या.

शेठना खोटं बोलायचं होतं. सवयीनं "छे छे" ओठांवर आलंही होतं. पण संध्याकाळी स्लॅबवाला येणार होता, आणि मुलगी शिडीला धरून उभी होती. "हो," ते म्हणाले.

विहीणबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "बरं झालं बाई, कुणीतरी एकदाचं म्हटलं!" आणि मग त्यांचा बांध फुटला. "आम्ही दोघं चहा घेत नाही हो. यांना पित्त होतं. आणि तुम्ही? छप्पर घातल्यापासून, पत्रा बघायला म्हणून दिवसाआड दारात! कधी एकटे, कधी मिस्त्रीला घेऊन, काल तर बंब घेऊन आलात! प्रत्येक वेळी चार शेगड्या, पायाला पाणी. कंबर मोडली माझी!"

"मी दर वेळी नको म्हणत होतो!"

"नको सगळेच म्हणतात! नीट म्हणायचं ना!"

"मग तुम्ही तरी सांगायचं, येऊ नका म्हणून!"

"असं कसं सांगणार? तुम्ही व्याही!"

"मग मी तरी कसं सांगणार? तुम्ही विहीणबाई!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि आधी मुलीला हसू फुटलं. मग विहीणबाई हसल्या, खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "छपराला काही झालेलं नाही हो, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढं येणं कमी करा."

गलबल्यानं व्याही उठून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जन्मभराच्या सवयीनं एक शंका काढली. "पण मध्यंतरी ठिबक एकाएकी वाढली. ती कशानं?"

सगळ्यांच्या नजरा सिमेंटनं लिंपलेल्या झरोक्यांकडे गेल्या. शेठचे कान लाल झाले. "ते वाफ बाहेर जायलाच असतात," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "म्हणजे... मला आत्ता आठवलं."

"शेरा राखून ठेवतो," व्याही म्हणाले आणि त्यांनी स्वतःच छिन्नी आणून दिली.

संध्याकाळी स्लॅबवाले आले तेव्हा शेवटच्या झरोक्यातून उजेड आत पडत होता. खिडक्या उघड्या होत्या आणि शेगड्या गार होत्या. स्लॅबवाल्यांनी बॅटरी मारून सगळा पत्रा पाहिला, बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली. "इथे तर काहीच नाही," ते हिरमुसून म्हणाले. मग जरा रेंगाळले, हात चोळले. "थंडी फार पडलीय, नाही?"

"हो ना," विहीणबाई म्हणाल्या. "लवकर घरी पोचा."

कोरडेशेठ घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिनं त्यांच्या केसांतलं सिमेंट बघितलं, कपाळावरचं टेंगूळ बघितलं.

"काय झालं? उतरवताहेत का छप्पर?"

"नाही. विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही येणं कमी करा."

बायको मटकन खाली बसली. "अगंबाई! असं तोंडावर म्हणाल्या? आणि चहा?"

"चहा दिला नाही."

"पाणी तरी?"

"तेही नाही."

"म्हणजे माझ्या नवऱ्याला दुपारभर तिथे राबवलं," बायको कमरेला पदर खोचत उठली, "आणि साधा एक थेंबसुद्धा—"

"एक थेंबसुद्धा नाही गं!" कोरडेशेठ तिचे दोन्ही हात धरून ओरडले. "एक थेंबसुद्धा नाही!"